गुहागरास चार रात्रींचें बिऱ्हाड

परगांवीं उतरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पाहुण्याची व दुसरी बिऱ्हाडकरूची. पाहुण्यास तयार ताट मिळतें, पण त्याची सत्ता त्या ताटापुरतीच. बिऱ्हाडकरूस चूल, पाणी, केरसुणी आणि किल्ली या चारही वस्तु हातीं येतात, व चार दिवसांपुरता तो त्या गांवचा होतो. पूर्वी यात्रेस निघालेली मंडळी शिधा बरोबर बांधून घेत आणि धर्मशाळेंत हातानें रांधून जेवीत. हल्लीं कोंकणांतील समुद्रकांठच्या गांवांतून अशीं घरें चार-आठ दिवसांच्या बोलीनें मिळूं लागलीं आहेत. निजण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, गॅसची शेगडी, शीतकपाट, भांडींकुंडीं, सर्व तयार असतें. रांधणारे हात तेवढे आपले. आमचीं पुतवंडें त्यास ‘अपार्टमेंट’ म्हणतात. आम्ही बिऱ्हाडच म्हणणार. गेल्या मार्गशीर्षांत अशा एका बिऱ्हाडीं आमचें सर्व कुटुंब चार रात्री राहून आलें. त्याची हकीकत एकत्र कुटुंबाचा गाडा ओढणाऱ्या वाचकांच्या कांहीं उपयोगीं पडेल, या समजुतीनें ती येथें देत आहों.

आमचें गांव माण तालुक्यांत, म्हसवडच्या अलीकडे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोंकास आमच्या वांट्याला जेमतेम अठरा-वीस इंच येतो, आणि तोही येईल तेव्हां खरा. माणगंगा ही आमची नदी. पण वर्षांतील बहुतेक महिने ती वाळूची नदी असते. पाण्याचा मोठा विस्तार म्हणून आमच्या मुलुखांतील बायकामुलांनीं पाहिलेला असतो तो राजेवाडीचा तलाव, एवढाच.

आमच्या थोरल्या वहिनी १९७१ सालीं लग्न होऊन या घरीं आल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं तो महाराष्ट्रास न विसरतां येणारा दुष्काळ पडला. नदीच्या कोरड्या पात्रांत झिरा खणावयाचा, त्यांत पाणी पाझरेपर्यंत बसून राहावयाचें, आणि वाटीवाटीनें घागर भरावयाची, हें त्या नव्या नवरीचें काम. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. घागरीच्या तोंडाला फडकें धरणें हें आमचें काम. त्याच वर्षीं वडिलांनीं व थोरले बंधु अण्णा यांनीं सुरुंग लावून मळ्यांतील विहीर खोल नेली. तिला पाणी लागलें, आणि पुढें त्या पाण्यावरच घर उभें राहिलें.

आणि त्या पाण्यावरूनच तें दुभंगलें, हेंही सांगितलें पाहिजे. आम्ही शिक्षकाच्या नोकरीमुळें बाहेरगांवीं. आमच्या वांट्याची जमीन धाकटे बंधु नाना कसतात. बारा वर्षांपूर्वी विहीर आटूं लागली तेव्हां पाळीचा प्रश्न निघाला. जमिनीच्या हिशेबानें दोन पाळ्या नानांच्या व एक अण्णांची होते, असें आम्हीं काढलें, आणि सुवाच्य अक्षरांत कागद लिहून दिला. गणित बरोबर होतें. पण ज्यानें कातळ फोडला त्याच्या वांट्याला एक पाळी, हें अण्णांच्या मनास लागलें. वर्षाच्या आंत चुली वेगळ्या झाल्या. भांडण असें कधीं झालें नाहीं. बोलणें मात्र कामापुरतें उरलें. चंपाषष्ठीची खंडोबाची तळीसुद्धां दोन घरांत दोन वेळां उचलली जाऊं लागली.

गेल्या वर्षीं वहिनींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढले. पट्टी सुटल्यावर आठ दिवसांनीं त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, डोळे नवे आले आहेत, तर एकदां समुद्र तरी बघूं द्या त्यांना.” पन्नास वर्षांत त्यांनीं स्वतःसाठीं कांहीं मागितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. नानांचा मुलगा पुण्यास इंजिनियर आहे. त्यानें दूरध्वनीवरूनच गुहागरास अख्खें घर ठरविलें. वहिनींची अट एकच होती. त्या दिवसांत चंपाषष्ठी येत होती, तेव्हां नैवेद्य घरच्या चुलीवरचा झाला पाहिजे. म्हणूनच हॉटेलाचा विचार मागें पडून बिऱ्हाडाचा निश्चय झाला.

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ प्रतिपदेस झाला, आणि पंचमीस पहाटे आम्ही तेरा माणसें दोन मोटारींतून निघालों. एका गाडींत अण्णा, दुसऱ्या गाडींत नाना, अशी वांटणी न सांगतांच झाली. गोंदवल्यास श्रीमहाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन दहिवडी, पुसेगांव, वर्धनगडाचा घाट, कोरेगांव या वाटेनें सातारा गांठला. तेथून उंब्रजेपर्यंत मोठा रस्ता, आणि पुढें पाटणवरून कोयनेच्या खोऱ्यांत. सर्व प्रवास अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे. वृद्ध माणसें बरोबर असल्यास वाटेंत दोन ठिकाणीं तरी थांबावें, आणि कुंभार्लीचा घाट उजेडीं उतरावा, एवढी सूचना या मार्गानें जाणारांस करून ठेवतों.

कोयनानगराजवळ गाड्या थांबविल्या. या धरणाचा आमच्या बालपणाशीं संबंध आहे. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे येथें जो भूकंप झाला, त्यानें इतक्या दूर आमच्या घरच्या फळीवरचीं भांडीं वाजून आम्ही जागे झालों होतों. पुतण्यानें या स्थळाची मौज समजावून सांगितली, ती अशी. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिनें पूर्वेस वाहून बंगालच्या उपसागरास मिळावयाचें. परंतु धरणांत अडविलेलें पुष्कळसें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यानें पश्चिमेस नेऊन सह्याद्रीच्या कड्याखालीं सोडतात. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर पोफळी व आसपासच्या वीजघरांतील चक्रें फिरतात; सर्व टप्पे मिळून १,९०० मेगावॅटांहून अधिक वीज निर्माण करण्याची शक्ति येथें आहे. १९९९ सालीं व पुन्हां २०१२ सालीं तर भरल्या जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून नवें पाणी बोगद्यांत घेतलें. वीज करून झाल्यावर तें पाणी वाशिष्ठी नदींत जातें, चिपळूणवरून वाहतें, आणि दाभोळच्या खाडींतून समुद्रास मिळतें. पाणीवाटपाच्या लवादानें यासाठीं वर्षास ६७.५ टी.एम.सी. पाणी ठरवून दिलेलें आहे. एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३१ कोटि लिटर. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा. आम्हीं केला, आणि आंकडा मोठ्यानें वाचण्याचें टाळलें. अण्णा पाण्याकडे पाहत उभे होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, “आणि हें सगळें शेवटीं समुद्रांत?” कोणी उत्तर दिलें नाहीं.

कुंभार्ली घाट उतरतांच हवेचा पोत बदलतो. आमच्याकडील वारा अंगाला खरवडतो. हा अंगाला चिकटतो. चिपळुणांत एका दुकानीं चहापत्ती घेतांना दुकानदारानें २२ जुलै २०२१ च्या महापुराचें पाणी कोठवर चढलें होतें तें भिंतीवर हात उंच करून दाखविलें. पाण्यावांचून हाल सोसलेलीं माणसें आणि पाण्यानें हाल झालेला माणूस क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलीं. पुढें शृंगारतळीवरून गुहागरास पोंचेपर्यंत दिवस मावळला.

घर ठरवितांना “समुद्र अगदीं लागून” असें सांगण्यांत आलें होतें. लागून होता, पण दिसत नव्हता. मध्यें नारळी-पोफळींची दाट वाडी होती. मुलें हिरमुसलीं. वहिनी मात्र ओटीवर कान देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा वारा म्हणायचा का?” घरमालकीणबाई हंसून म्हणाल्या, “वारा नव्हे हो, समुद्र! रात्रभर ऐकाल आतां.” दुसऱ्या दिवशीं उजाडतांच वाडींतील पायवाटेनें आम्ही त्यांना घेऊन गेलों. पोफळींची सांवली संपली, आणि एकदम सगळें उघडें झालें. वहिनींनीं प्रथम नमस्कार केला. मग पदर खोंचून घोटाभर पाण्यांत गेल्या, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि म्हणाल्या, “एवढें पाणी, आणि एक घोट पिववत नाहीं!” वरुणाचें माहात्म्य आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें, इतकी नेमकी टीका त्यावर आम्हांस कधीं सुचली नाहीं.

आतां गांवाविषयीं. गुहागर हें लांबच लांब गांव आहे. समुद्रास समांतर असा एकच मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस घरें, आणि प्रत्येक घराच्या पाठीशीं वाडी. वरचा पाट व खालचा पाट असे त्याचे भाग मानतात. किनारा कित्येक किलोमीटर सरळ व स्वच्छ वाळूचा आहे. गांवाच्या मध्यावर श्रीव्याडेश्वर. अनेक चित्पावन घराण्यांचें हें कुलदैवत. हें शिवपंचायतन असून मुख्य देवळाच्या चार कोपऱ्यांस इतर देवतांचीं लहान देवळें आहेत. वरच्या पाटांत दुर्गादेवीचें देऊळ आहे, आणि समुद्राकडे तोंड करून बसलेला उफराटा गणपति. समुद्र गांवांत शिरूं लागला तेव्हां पूर्वाभिमुख गणपतीनें तोंड फिरवून त्यास अडविलें, अशी आख्यायिका सांगतात. घाटावरून येथें हवा खाण्यास येणें नवीन नाहीं. १८१२ च्या सुमारास दुसरे बाजीराव पेशवे यांनीं उन्हाळ्यांत राहण्यासाठीं येथें वाडा बांधविला होता. आम्ही मात्र हिंवाळ्यांत गेलों, तें बरें झालें. याच दिवसांत समुद्री कासवें वाळूंत अंडीं घालण्यास येऊं लागतात. त्यांच्या रक्षणासाठीं किनाऱ्यावर जाळीचें कुंपण घातलेलें असतें.

पंचांग जवळ बाळगणारांस एक उपयुक्त गणित येथें मिळालें. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशींच्या पूर्ण भरतीचा तास अदमासें निघतो. त्याच्या मागें-पुढें सहा तासांनीं ओहोटी. षष्ठीस साहाची पाऊणपट साडेचार, म्हणून दुपारीं साडेचारास भरती व सकाळीं साडेदहाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस भरतीचा जोर फार, त्यास उधाण म्हणतात. आम्हीं चारही दिवस पडताळा पाहिला. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानें हिशेब जुळला. मुलांना पाण्यांत सोडण्यापूर्वी हें गणित करावें, आणि तरीही गांवच्या माणसास विचारल्यावांचून खोल जाऊं देऊं नये.

षष्ठीचा दिवस आमच्या मुक्कामांतील मुख्य दिवस ठरला. सकाळीं दहा वाजतां स्वयंपाक ऐन रंगांत असतां गॅस संपला. दुसरा सिलिंडर घरांत नव्हता, आणि आणणारा माणूस दुपारपर्यंत सांपडेना. तेरा माणसें, सणाचा दिवस, आणि अर्धकच्ची डाळ! त्या वेळीं घरमालकीणबाईंनीं मागील अंगणांतील पाणी तापविण्याची मोठी चूल मोकळी करून दिली, आणि सोडणें, करवंट्या व वाळलेल्या झावळ्यांचा ढीग दाखविला. घरांत तीन शेगड्या असत्या, तर तीन जावांनीं तीन ठिकाणीं स्वयंपाक केला असता. चूल एकच, म्हणून तिघी एकीभोंवतीं बसल्या. वहिनींनीं निखाऱ्यांत वांगीं भाजलीं, नानांच्या सौभाग्यवतींनीं बाजरीचे रोडगे थापले, आणि आमच्या मंडळींनीं धुरानें डोळे पुशीत जाळ सांभाळला. घरमालकीणबाई ओलें खोबरें घेऊन आल्या. “भरतांत थोडें घालून बघा हो, वहिनी.” “आमच्याकडे दाण्याचें कूट घालतात.” अखेर अर्ध्या भरतांत कूट व अर्ध्यांत खोबरें, असा तह झाला. खोबऱ्याचें भरीत आधीं संपलें, हें देशस्थ वाचकांनीं मोठ्या मनानें सोसावें.

नैवेद्य झाला, आणि तळीची वेळ आली. तळी उचलावयाची म्हणजे पुरुषांचे हात विषम संख्येनें लागावे लागतात. ताम्हन एकच आणलेलें होतें. वहिनींनीं तें पाटावर ठेवलें, त्यांत भंडारा, खोबरें व सुपारी ठेवली, आणि कोणाचें नांव न घेतां म्हणाल्या, “पांच जण या.” अण्णा बसले. अण्णांचा मुलगा बसला. आम्ही बसलों. पुतण्या बसला. पांचवी जागा अण्णांच्या उजव्या हातास होती. नाना दाराशीं उभे होते. तें अंतर चार पावलांचें असेल. ते आले, बसले, आणि त्यांनीं ताम्हनास हात लावला. येळकोटाचा गजर झाला, तळी तीन वेळां वर गेली. बारा वर्षांनीं तीन भावांचे हात एका भांड्याला लागले होते. कोणी कांहीं बोललें नाहीं. भंडारा लावतांना अण्णांनीं नानांच्या कपाळीं जरा अधिकच लावला, एवढें आम्हीं पाहिलें. दुपारीं दोन वाजतां सिलिंडर आला. तो रात्रीपर्यंत कोणी जोडला नाहीं.

सप्तमीस वेळणेश्वर व हेदवी हीं स्थळें पाहिलीं; दोन्ही वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आंत आहेत. वेळणेश्वराचा किनारा शांत, नारळींनीं वेढलेला, आणि देऊळ अगदीं पाण्याजवळ. हेदवीस दशभुज लक्ष्मीगणेशाची पांढऱ्या पाषाणाची मूर्ति पाहण्यासारखी आहे. तेथेंच समुद्रकांठीं बामणघळ म्हणून खडकांतील एक अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळीं लाट तींत कोंडून तोफेसारखा आवाज होतो व पाणी उंच उसळतें. सातांची पाऊणपट सव्वापांच. त्या वेळेस गेल्यामुळें ती शोभा पुरती पाहण्यास मिळाली. खडक निसरडे आहेत, तेव्हां दुरूनच पाहावें.

अष्टमीस उत्तरेकडे अंजनवेलीस गेलों. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशीं गोपाळगड आहे. विजापूरकर, शिवछत्रपति, सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे व शेवटीं इंग्रज, इतक्या हातांतून तो गेला. त्याच परिसरांत आधुनिक काळचा एक किल्लाही आहे, तो म्हणजे दाभोळचा वीजप्रकल्प. १९९९ सालीं तो सुरू झाला, २००१ सालीं वादांत बंद पडला, आणि २००५ सालीं नव्या सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आला. तेथून धोपाव्यास येऊन फेरीबोटीनें खाडी ओलांडली. ही बोट मोटारींसकट माणसांस पलीकडे दाभोळास नेते. वहिनींना बोटीचें भय वाटेल असें आम्हांस वाटलें होतें, पण त्या कठड्यास धरून उभ्या राहिल्या आणि खाडीच्या वरच्या अंगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “धरणाचें पाणी येतें तें इकडूनच ना?”

पुतण्या ‘होय’ म्हणाला. आमच्या डोळ्यांपुढें तो गुणाकार पुन्हां उभा राहिला. कोंकणांत अगोदरच शंभर इंचांहून अधिक पाऊस. तेथें हें पाणी वीज देऊन मोकळें होतें, आणि आमच्या गांवीं झिऱ्याशीं वाटी घेऊन बसावें लागलें! हा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. पण तो अर्धाच आहे. आमच्या विहिरीवरील पंप ज्या विजेवर चालतो, तींत या पाण्याचाही अंश आहे. मुंबईचे गिरण्या-कारखाने तिच्यावर चालले, आणि दुष्काळांत आमच्या गांवचीं शेंकडों माणसें त्याच मुंबईनें पोसलीं. पाणी कोणाचें, हा प्रश्न जसा दोन भावांत, तसाच दोन खोऱ्यांत. नुसत्या गणितानें तो सुटत नाहीं. उरमोडीचें व जिहे-कठापूर योजनेचें पाणी आतां आमच्या तालुक्याच्या कांहीं भागांत येऊं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

अण्णा व नाना कठड्याशीं शेजारींशेजारीं उभे होते. बऱ्याच वेळानें अण्णा म्हणाले, “नाना, घरीं गेल्यावर तो कागद फाडूं.” नाना म्हणाले, “मास्तरांनीं इतक्या चांगल्या अक्षरांत लिहिलाय.” दोघेही हंसले. आम्हांसही हंसावें लागलें. पण तें हंसें आम्हांस बोंचलें, हें कबूल करणें भाग आहे. शाळेंत उत्तरपत्रिका तपासून तपासून, बरोबर उत्तर म्हणजेच योग्य उत्तर, अशी आमची समजूत झाली होती.

नवमीस परत निघालों. निघण्यापूर्वी वहिनींनीं स्वयंपाकघर सारवल्यासारखें स्वच्छ केलें, उरलेलें बाजरीचें पीठ घरमालकीणबाईंस दिलें, आणि त्यांच्याकडून आमसुलें व ओल्या सुपाऱ्या पदरीं घेतल्या. वाटेंत नाना अण्णांच्या गाडींत बसले.

ज्यांना असें बिऱ्हाड करावयाचें असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. घर ठरवितांना समुद्र किती लांब, यापेक्षां सिलिंडर दुसरा आहे काय, दहा-बारा माणसांचें पातेलें आहे काय, वृद्धांची खोली तळमजल्यावर आहे काय, हें विचारावें. पीठ, मसाला, डाळी घरच्या न्याव्या. नारळ, भाजी, दूध तेथें मिळतें. दिवस मार्गशीर्ष ते माघ हे उत्तम.

कागद फाडला. नवा लिहा, असें दोघांनींही आम्हांस सांगितलें. आम्हीं एकच ओळ लिहिली: ज्याचें पीक आधीं वाळूं लागेल, त्याची पाळी आधीं. चुली वेगळ्याच आहेत, आणि वैशाखांत विहीर तळ गांठील तेव्हां ही ओळ टिकेल कीं नाहीं, तें आज सांगवत नाहीं. ताम्हन मात्र वहिनींनीं आपल्या देवघरांत ठेवून घेतलें आहे. पुढल्या चंपाषष्ठीस तें एकाच घरीं निघावयाचें आहे.